‘सहा महिने फुकट शिकवा, कायम व्हा’ – हे खरं नाही

सोलापुरात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: महापालिकेच्या किंवा झेडपीच्या शाळेत सहा महिने विनामूल्य शिकवा, मग शिक्षक म्हणून कायम करतील, नोंदणीचे पाचशे रुपये पाठवा. पैसे पाठवू नका.

पहिली ते आठवीसाठी शिक्षक व्हायला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, त्यावर अभियोग्यता चाचणी, आणि निवड राज्याच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून होते. स्वयंसेवेतून त्या निवड यादीत नाव लागत नाही. डीएड होऊन वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पोरांना असं आमिष दाखवणं फार वाईट आहे.

मात्र यामुळे कुणी शिकवायला जाणंच सोडू नये. शाळेत स्वयंसेवा करण्यासाठी केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. तिथे मानधन नाही, आणि स्वयंसेवक वर्गशिक्षकाची जागा घेत नाही. तो शिक्षकांच्या जोडीला असतो. आपल्या शहरात तर कितीतरी मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. अशा चार मुलांजवळ बसून जोडाक्षरं वाचून घेणारी, दोन्ही भाषा येणारी एखादी मावशी मिळाली, तर केवढा आधार होतो! पोर्टल जमत नसेल, तर जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना सरळ भेटा.