आमच्या घरात रद्दी नाही

चित्रकला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी सरांनी मिश्र माध्यमातले एक मोठे काम करायला सांगितले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण तैलरंगाच्या नळ्यांचे भाव पाहता फुकटचे कागद चिकटवून चित्र, म्हणजे कोलाज, उभे राहणार ही कल्पनाच मोहक होती. आकार तीन बाय दोन फूट, विषय ‘माझे घर’, मुदत तीन आठवडे आणि महिना जुलै. यातला जुलै हा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे, हे मला पुढे यथावकाश कळले.

कोलाज हा शब्द ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला, पिकासोने १९१२ साली खुर्चीच्या वेताची वीण छापलेला मेणकापडाचा तुकडा चित्रात डकवून भोवती दोरखंडाची चौकट केली, आणि त्याच वर्षी ब्राक या चित्रकाराने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून आपल्या चित्राला चिकटवला, हे सगळे मी कलेच्या इतिहासाच्या पेपरात दहा गुणांसाठी लिहिले होते. चिकटवण्यासाठी आधी कागद लागतो आणि मराठी मध्यमवर्गीय घरात कागद पुष्कळ असला तरी रद्दी नसते, ही गोष्ट मात्र त्या पेपरात कुठेच नव्हती.

रद्दी नसते म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. आमच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे आणि तिच्यात बाबांच्या तारा आहेत. लाकडी चकतीत बसवलेल्या, वर आकड्यासारख्या वळवलेल्या या तारांत मी जन्मायच्या आधीपासूनची वीजबिले, दुधाची बिले आणि पावत्या ओवलेल्या असून त्या प्रत्येकीच्या पोटाला मधोमध एक भोक आहे. कडा गंजासारख्या तपकिरी, शाई जांभळी आणि मध्ये ते भोक, असा तो कागद पाहून माझ्यातली चित्रकार अक्षरशः लाळ घोटत होती. बाबांना मी विचारले तेव्हा ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “घे की, पण परत कधी देशील?”

आईकडे लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. पत्रिका द्यायला तिची ना नव्हती, मात्र पत्रिकेवरच्या गणपतीला कात्री लावायची नाही, त्याच्यावर फेविकॉल ओतायचा नाही आणि त्याच्यावर दुसरे काही चिकटवायचे नाही, अशा तीन अटी होत्या. परिणामी दोन दुपारी मी फक्त गणपती वाचवत होते. कागदावरून गणपतीसकट चौकोन कापून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या कागदावर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ एवढेच हाती लागायचे. ते त्रेचाळीस गणपती एका बुटाच्या खोक्यात ठेवले होते, तर आईने ‘बुटाच्या?’ एवढेच विचारले आणि मी खोके बदलले.

आजीची जुनी पंचांगे मागायला गेले, तेव्हा गेलेल्या वर्षाचे पंचांग कशाला लागते असा माझा साधा प्रश्न होता. त्यात तुझ्या जन्माची वेळ लिहिली आहे, त्यात तुझ्या आजोबांची तिथी आहे, त्यात मोलकरणीला दिलेली उचल आहे, असे एकेक पंचांग काढून आजी दाखवत गेली आणि शेवटी मला जे मिळाले ते ग्रहणांचे एक पान होते, तेही त्या वर्षीचे ग्रहण भारतात दिसले नव्हते म्हणून.

पहिल्या महायुद्धानंतर हॅनोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स नावाच्या चित्रकाराने ट्रामची तिकिटे, वेष्टने असला कचरा गोळा करून अप्रतिम कोलाजे केली आणि पुढे आईवडिलांच्याच घरातल्या खोल्या एकामागून एक असल्या रचनेने भरून टाकल्या, हे उदाहरण मी घरात मोठ्या आशेने सांगितले. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्याच्या आईला कुणी विचारलं होतं का?”

कसाबसा कागद जमला आणि काम दिवाणखान्याच्या फरशीवर सुरू झाले. येथे एक सांस्कृतिक अडचण आली. कागदाला पाय लागला की नमस्कार करायचा, ही सवय इतकी अंगात मुरलेली आहे, आणि फरशीभर कागद पसरलेला असताना त्याला पाय न लावता उठणे इतके अशक्य आहे, की फेविकॉलच्या हाताने मी मिनिटामिनिटाला गळ्याशी बोटे नेत होते. संध्याकाळपर्यंत माझ्या गळ्यावर पांढऱ्या पापुद्र्याचा पट्टा तयार झाला होता. फेविकॉल वाळला की पारदर्शक होतो हे खरे, पण जुलैत तो वाळतच नाही.

पातळ कागदांसाठी मी मैद्याची खळ शिजवली. पुस्तके बांधणारे लोक खळीत मोरचूद घालतात, म्हणजे तिला कीड लागत नाही. परंतु ते विष आईच्या पातेल्यात शिजवण्याची परवानगी मिळणे शक्यच नव्हते, त्यामुळे खळ शुद्ध शाकाहारी राहिली आणि दुसऱ्या रात्री डाव्या कोपऱ्यातला एका पत्रिकेचा मजकूर झुरळांनी ‘आपले नम्र’पर्यंत खाल्ला. सुरकुत्यांचा प्रश्न वेगळाच होता. कागद आधी ओलावून मग लावावा आणि मधून कडेकडे हवा काढत न्यावी, हे तंत्र मला ठाऊक होते. त्यासाठी लागणारा रोलर मात्र वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे राहिला होता, म्हणून मी लाटणे घेतले. त्या रात्रीच्या पोळ्यांना पोपडे सुटले होते असे बाबांचे म्हणणे आहे. मी लाटणे दोनदा धुतले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो बोर्डाची परात झाली होती. मी रडवेली होऊन सरांना फोन केला. कागद पाणी पिऊन फुगतो, वाळताना आखडतो आणि आखडताना खालच्या हार्डबोर्डाला आपल्याकडे ओढतो, तेव्हा पाठीमागूनही तेवढाच कागद लाव म्हणजे दोन्ही बाजूंची ओढाताण बरोबरीची होईल, असे सरांनी शांतपणे सांगितले. म्हणजे आणखी सहा चौरस फूट कागद! समोरच्या बाजूला जे कागद द्यायला घरचे तयार नव्हते, ते कुणालाही न दिसणाऱ्या पाठीसाठी मागायचे धैर्य मला झाले नाही. मी ट्रंकेच्या तळातून हाताला लागेल तो गठ्ठा उचलला, त्यातले रंगाने बरे दिसणारे कागद पुढे लावले आणि बाकीचे मागे. हे वाक्य पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

मग बोर्ड सपाट करण्यासाठी तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आजीच्या गादीखाली ठेवला आणि दिवसा त्यावर गव्हाचा डबा व पाटा-वरवंटा ठेवला. गहू हवे असले की चित्राचे वजन कमी व्हायचे. ताईचा केस वाळवायचा पंखा दोन संध्याकाळी चालवून मी जळका वास आणला, आणि तो पंखा आता केसही वाळवत नाही.

या सर्व काळात केलेली एकमेव कौशल्याची गोष्ट म्हणजे आजीच्या तरुणपणच्या फोटोचा ठसा. फोटोची झेरॉक्स काढायची, ती अॅक्रिलिक जेल लावून पालथी चिकटवायची आणि पक्की वाळल्यावर ओल्या बोटाने पाठीमागचा कागद चोळून काढायचा, म्हणजे शाई तेवढी पृष्ठभागावर उरते. दोन तास चोळल्यावर बोटांची सालटी निघाली. पण पावत्यांच्या जांभळ्या शाईतून नऊवारीतली आजी हळूहळू वर आली, तेव्हा मला भरून आले. आजीला चष्मा लावून बसवले. तिने बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाली, “अगं, पदर उजव्या खांद्यावर कसा गेला? मला गुजराथीण केलीस की!” ठसा उलटा उमटतो, हे मी परीक्षेत लिहिले होते.

तरीही साऱ्या घरात या कामाकडे सहानुभूतीने पाहणारी तीच एक होती. देवघरातल्या जुन्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “हे असंच की.” राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यावर त्यांच्या देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली आणि हौशी बायका त्यांवर जर, कापड आणि टिकल्या चिकटवू लागल्या, आमच्या लक्ष्मीला आजीच्या आईने खऱ्या जरीचा काठ नेसवला आहे. मी जवळ जाऊन पाहिले. काचेखाली एकही सुरकुती नव्हती.

सबमिशनच्या दिवशी चित्र स्कूटरवरून न्यायचे होते. ताई चालवत होती आणि मी मागे चित्र उभे धरून बसले होते. म्हात्रे पुलावर वारा आल्यावर त्या चित्राचे शीड झाले आणि स्कूटर नदीकडे जाऊ लागली. आडवे धर, असे ताई ओरडली. आडवे धरल्यावर ते शेजारच्या रिक्षात शिरले. आतल्या काकूंनी पूल संपेपर्यंत दुसरे टोक विनातक्रार धरले, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

प्रदर्शनाला घरचे सगळे आले. आईने त्रेचाळीस गणपतींपैकी चुकून एकही चित्रात नाही याची खात्री करून घेतली. बाबा मात्र चित्रासमोरून हलेनात. पाच मिनिटे झाली, दहा झाली. कधी दोन पावले मागे जात, कधी नाक टेकेल इतके पुढे येत. वडिलांना आपले चित्र कळले, या भावनेने माझे डोळे पाणावले. सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, “असा प्रेक्षक नशिबात असावा लागतो.” तेवढ्यात बाबांनी खिशातून पेन काढले आणि तळहातावर काही लिहून घेऊ लागले.

घराला आपले नाव लावण्यासाठी गेले पंधरा दिवस ते मिळकतकराची जी जुनी पावती शोधत होते, ती आजीच्या डाव्या, म्हणजे खरे तर उजव्या, कानामागे होती.

“हा तीन आहे की आठ?” त्यांनी विचारले. पावती क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर मी तांबड्या मातीच्या रंगाचा एक हात दिला होता. सर दुसऱ्या चित्राकडे वळलेले पाहून मी नखाने तो रंग खरवडला. आठ होता. बाबांनी तो लिहून घेतला आणि पाठीमागे काय काय लावले आहेस, असे विचारत चित्र भिंतीवरून उतरवायला हात घातला.

संध्याकाळी सरांनी सर्वांसमोर माझ्या कामावर बोलताना त्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवले आणि संपूर्ण चित्रात ही एकच जागा विचारपूर्वक केलेली दिसते, असे सांगितले.