‘हे नोकरीत आपोआप येतं’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत दोन मुद्दे आहेत: सॉफ्ट स्किल्स (म्हणजे संवाद, गटात काम करणं अशी कौशल्यं) नोकरीला लागल्यावर आपोआप येतात, आणि वर्गात त्यांना दिलेले तास तांत्रिक विषयांतून कापलेले असतात. दुसऱ्यामागची तळमळ मला पटते. दोन दिवसांचं शिबिर, शंभरेक मुलं, देहबोलीवरच्या स्लाइड्स आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढंच होणार असेल तर ते तास वायाच जातात.

पहिला मुद्दा मात्र मला मान्य नाही. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं विमान इंधन संपून कोसळलं आणि १० जण दगावले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन घटतंय हे सहकाऱ्यांच्या बोलण्यात आलं, पण ठासून कुणी सांगितलं नाही. ही मुरलेली माणसं होती. वरिष्ठाला वेळेवर स्पष्ट सांगणं अनुभवाने आपोआप येत असतं, तर त्यांना नक्कीच आलं असतं. त्या कंपनीने १९८१ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांना आपसात बोलण्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं आणि पुढे विमानवाहतुकीत ते सर्वत्र रुजलं.

म्हणजे शिकवता येतं, फक्त ‘संवादकौशल्य’ असं अख्खं शिकवता येत नाही. त्यातली एकेक कृती सुटी करावी लागते. उदाहरणार्थ, काम वेळेत होणार नाही हे सांगणं. त्यात तीन गोष्टी हव्यात: काम कुठे अडलंय, नवी वेळ कोणती, आणि समोरच्याकडून काय हवंय. विद्यार्थी सहसा ‘थोडंच राहिलंय, करतो’ म्हणून मोकळे होतात. तिघांचे गट करा. एक सांगेल, दुसरा ऐकेल, तिसरा हातात चिठ्ठी घेऊन निरीक्षण करेल. ३ मिनिटं संवाद, २ मिनिटं चिठ्ठीवरच्या नोंदी, आणि लगेच त्याच विद्यार्थ्याने तोच संवाद पुन्हा करायचा. हा दुसरा प्रयत्न वेळेअभावी हमखास गाळला जातो. मग मूल आपली चूक तेवढी घेऊन घरी जातं, सुधारणा नाही.

चिठ्ठीवर हो-नाहीत उत्तर देता येईल असे चारच प्रश्न असावेत. ‘नवी वेळ सांगितली का?’ हा चांगला प्रश्न. ‘आत्मविश्वास दिसला का?’ हा वाईट, कारण त्याचं उत्तर बघणाऱ्याच्या मतावर ठरतं आणि पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. नजर भिडवणं, उच्चार यांना गुण देऊच नयेत. मुद्देसूद बोलणारी लाजाळू मुलं त्यात विनाकारण मागे पडतात.

तासांचं म्हणाल तर वेगळा तास नकोच. प्रात्यक्षिकातली १० मिनिटं पुरतात, पण दर आठवड्याला. सुरुवातीला विद्यार्थ्याने सूचना आपल्या शब्दांत परत सांगायच्या: काय करायचं, कधीपर्यंत, अडलं तर कुणाला विचारायचं. चुकीचं ऐकल्यामुळे पुन्हा करावं लागणारं काम यातच बरंचसं वाचतं. गटप्रकल्पात एकटा राबतो आणि गुण सगळ्यांना मिळतात, त्यावर उपाय म्हणजे कोणी काय, कधीपर्यंत करायचं याची वही, दर आठवड्याला बदलणारा समन्वयक, आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न.

वर्गात नोकरीतला खरा ताण नसतो, हे मात्र खरं आहे. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ऐकणाऱ्याला घाईत, चिडलेल्या वरिष्ठाची भूमिका द्या. त्याने मध्येच तोडलं तरी नवी वेळ सांगून व्हायलाच हवी.