कुंपणालगतचा गोल्डनरॉड

न्यू जर्सीत सप्टेंबर लागला की आमच्या परसातला, कुंपणालगतचा गोल्डनरॉड, इथलेच एक रानफूल, पिवळाधमक होतो. चार वर्षांपूर्वी मी तो मुद्दाम लावला, तेव्हा शेजारच्या आजींनी काळजीने विचारले होते की या तणामुळे साऱ्या गल्लीला शिंका येतील, हे तुम्हाला ठाऊक नाही का? हा समज इथे घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. याच दिवसांत रॅगवीड नावाचे दुसरे तण फुलते. त्याची हिरवट फुले कोणाच्या नजरेत भरत नाहीत, पण त्यांचे हलके परागकण वाऱ्यावर दूरवर पसरतात. गोल्डनरॉडचे पराग जड आणि चिकट असल्यामुळे ते कीटकांच्या अंगाला लागूनच पुढे जातात. शिंका रॅगवीडमुळे येतात आणि आळ मात्र डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्या फुलावर येतो.

सकाळी दव असते तेव्हा काही केसाळ बंबलबी (मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्या) तुऱ्यालाच बिलगून गारठलेल्या दिसतात. ऊन लागले की त्या थरथरतात आणि हळूहळू फुलावरून पुढे सरकू लागतात. इतर फुले ओसरलेली असताना, हिवाळा एकट्याने काढायला निघालेल्या त्यांच्या नव्या राण्यांना हाच मध मिळतो. न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला असलेल्या केप मेच्या किनाऱ्यावरून मेक्सिकोकडे जाणारी मोनार्क फुलपाखरेही वाटेत अशाच फुलांवर थांबतात.

पुण्याच्या टेकड्यांवरची गिरिपुष्पे (ग्लिरिसिडियाची परदेशी झाडे) काढावीत की ठेवावीत आणि रस्त्याकडेला गुलमोहर लावावा की करंज, हे आपल्याकडचे वाद मी इथून आस्थेने वाचते. देशी झाडांचा आग्रह मला पटतो. मात्र तो झाडांपाशीच का थांबतो, हे कळत नाही. माळावर मुळात गवत आणि पावसाळी फुलेच असतील, तर तिथे खड्डे खणून देशी रोपे लावणे हेही त्या माळाचे नुकसानच आहे. मेक्सिकोतून आलेला पिवळा कॉसमॉस डोंगरउतारांवर पसरतो आहे आणि आपण त्याचे फोटो ‘सह्याद्रीचा बहर’ म्हणून कौतुकाने पाठवतो, याचे मला फार वाईट वाटते. अमेरिका खंडातूनच आलेल्या गाजरगवताने १९५०च्या दशकापासून आपल्याला किती छळले, हे आपण विसरू नये.

गोल्डनरॉडचेही तसेच आहे. इथे तो घरचा आहे, पण त्याची कॅनडाच्या नावाने ओळखली जाणारी जात चीनमध्ये आणि युरोपात शेतांच्या बांधांवर, पडीक रानांत माजली आहे. ती जमिनीखालून मुळांनी पसरते, म्हणून छोट्या परसात मी जागा धरून राहणारा ‘फायरवर्क्स’ हा वाण निवडला. थंडीत मी वाळलेले दांडे कापत नाही, कारण त्या देठांत आणि आजूबाजूच्या पाचोळ्यात कीटक हिवाळा काढतात.

गेल्या वर्षी साताऱ्याहून नणंदेचा फोन आला होता. फोटो पाहून ती म्हणाली, “वहिनी, येताना याचं बी घेऊन या ना, आपल्या बांधावर टाकू.” मी नको म्हटले, आणि कासच्या वाटेवर फुलणाऱ्या सोनकीबद्दल विचारले. तिलाही पिवळी फुले येतात आणि तीही याच दिवसांत फुलते. नणंद म्हणाली, “ती तर आमच्या पडवीमागेच उगवते, आम्ही दरवर्षी उपटतो.” या वर्षी तिने ती उपटलेली नाही.