रोज तीन, रविवारी पाच

मे महिन्यात माझा बाप्तिस्मा झाला आणि केस वाळायच्या आत पाळकसाहेबांनी माझ्या हातात बायबल ठेवलं. "ब्रदर, एकूण अध्याय १,१८९. रोज तीन, रविवारी पाच. वर्षात पूर्ण होतं."

मी पतसंस्थेत वसुलीला आहे. हप्त्याचं गणित मला सांगायला नको. आठवड्याला २३, ५२ आठवड्यांत १,१९६. म्हणजे मुदतीअखेर सात अध्याय शिलकीत! १ जूनला खातं उघडलं.

बायबलातलं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, झपाट्याने सरलं. वारसाहक्कावरून भावाभावांत वैर, आंधळ्या बापाला फसवून लाटलेला आशीर्वाद, सासऱ्याने लग्नाच्या रात्री बदललेली नवरी. सगळी आमच्या दप्तरात शोभतील अशी प्रकरणं. यहूदा तर धाकट्या भावासाठी बापापुढे चक्क जामीन राहतो, आणि वेळ आल्यावर फोन बंद न करता स्वतः उभा राहतो. असा जामीनदार मी नोकरीच्या बारा वर्षांत पाहिलेला नाही.

दुसऱ्या पुस्तकात, निर्गममध्ये, तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत मी जागा होतो. पुढे निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या फिरत्या मंदिराचं, काम निघालं. दहा हात लांब, दीड हात रुंद फळ्या, दक्षिणेला वीस, त्यांच्याखाली चांदीच्या चाळीस बैठका. मी रात्री पलंगावर उताणा पडून, बायबल तोंडावर धरून वाचायचो. तेराव्या-चौदाव्या फळीला हात सैल पडायचे आणि देवाचं वचन थेट नाकावर यायचं. दहा अध्यायांनंतर पाहतो तर पुन्हा त्याच फळ्या, त्याच बैठका! आधी वाटलं, खुणेची रिबीन सरकली असेल. मग उलगडा झाला: आधीचं होतं ते कोटेशन, हे प्रत्यक्ष काम.

तोवर माझे अकरा अध्याय थकले होते. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर मात्र रोज सकाळी "वाचन झाले"च्या खाली माझा अंगठा असायचाच. कर्जदारांचे अंगठे तपासण्यात ज्याची हयात चालली, त्याचा हा अंगठा. त्यात वसुलीच्या फेरीला केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल एकटीने मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते छापून निघालं. बाईंनी लिहिलं, आणि मला नुसतं वाचवत नाही! केडगावला मी मान खाली घालूनच उतरायचो.

शेवटी पाळकसाहेबांपाशी कबूल केलं, वाचताना झोप लागते. ते हसले आणि प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय उघडला. प्रेषित पौलाचं प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबलं, खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेलाच म्हणून उचलला, पण पौलाने त्याला कवटाळलं आणि तो जगला. "आणि मग?" मी विचारलं. "मग पौल वर गेला, जेवला आणि उजाडेपर्यंत बोलत राहिला." हा दिलासा होता की ताकीद, ते मला अजून कळलेलं नाही.

जुलैत आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. बाप्तिस्म्यापासून ती माझ्याशी "जेवलास का" आणि "दिवा घालव" एवढंच बोलत होती. तिने ज्ञानेश्वरीची किती पारायणं केलीत, याची मोजदाद नाही. तिसऱ्या रात्री ती दारात उभी राहिली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळा माझ्यावर.

"पोथी लोळून वाचतात होय रे?"

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात पाट मांडलेला. हातपाय धुऊन बसायचं, मोठ्याने वाचायचं, मध्ये उठायचं नाही, फोन फ्रिजवर. तिची पोथी डॉक्टरांनी महिनाभर बंद केलेली, त्यामुळे समोर बसून ती चाचपडत गवार मोडायची. म्हणायची, "मी ऐकत नाहीये, भाजी करतेय."

तिसऱ्या पुस्तकाचा, लेवीयचा, चौदावा अध्याय आला. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले, तर मालकाने याजकाला, म्हणजे पुरोहिताला, कळवायचं. याजकाने घर सात दिवस बंद ठेवायचं. चट्टे पसरले तर तिथले दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतून भिंती खरवडायच्या, नवे दगड, नवा गिलावा. तरीही उमटले तर घर पाडायचं.

आईचे हात थांबले. मोरीलगतच्या आमच्या भिंतीला दर पावसाळ्यात हिरवट ओल येते आणि घरमालक दर दिवाळीला तिच्यावर चुना फासतो.

"बरोबर लिहिलंय," आई म्हणाली. "त्याला दाखव."

दाखवलं. घरमालकाने चष्मा लावून सगळा अध्याय वाचला, पान उलटून पुढचाही चाळला, आणि विचारलं, "यात डिपॉझिटचं काय लिहिलंय?"

त्या रात्री उशिरा झोपलो. पहाटे डोळ्यांवर उजेड आला. आई दिव्याच्या बटणापाशी उभी होती.

"ऊठ. कालचा एक राहिलाय, आजचे तीन. आणि आज रविवार आहे."