‘साथ म्हाताऱ्यांची, तरुणांना काय होतंय?’ या मेसेजला उत्तर

फ्लूबद्दलचा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. साथ फक्त म्हाताऱ्यांना नेते, तरुणांनी बिनधास्त कामावर जावं, पोरांना होऊन गेलेला बरा, ताप आलाच तर अर्धी ॲस्पिरिन द्यावी, आजोबांना ताप नसेल तर फ्लू नाही, आणि आपल्या उन्हात विषाणू टिकतच नाही, असं त्यात लिहिलंय. काल तो घरच्याच ग्रुपवर आला आणि त्याखाली चार जणांनी हात जोडले. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी अर्ध्या गोळीचं बघू, कारण त्याने मूल दगावू शकतं. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन दिली तर राय सिंड्रोम होण्याचा धोका असतो. यकृतात चरबी साठते आणि मेंदूला सूज येते. हा आजार दुर्मीळ आहे, पण कपटी आहे. मूल फ्लूमधून उठतंय असं वाटतं आणि नेमक्या त्याच वेळी उलट्या सुरू होतात, थांबत नाहीत. मग चिडचिड, गुंगी, बरळणं. अमेरिकेत १९८० साली याचे ५५५ रुग्ण नोंदले गेले. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका असं पालकांना सांगितल्यावर आकडा घसरत गेला, आणि १९९४ ते १९९७ या काळात वर्षाला दोनपेक्षा जास्त रुग्ण नोंदले गेले नाहीत. डॉक्टरांनी एखाद्या खास आजारासाठी दिली नसेल तर १८ वर्षांखालच्या कुणालाही तापात ॲस्पिरिन द्यायची नाही. आजोबांची हृदयासाठीची रोजची ७५ मिलिग्रॅमची गोळी ही ॲस्पिरिनच असते. त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये, पण नातवाच्या तापासाठी त्या पाकिटाला हात लावायचा नाही.

मुलांसाठी पॅरासिटामॉल आहे, पण तेही अंदाजे ‘एक चमचा’ नाही. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. सगळा घोळ बाटलीवरच्या आकड्याचा आहे. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं, तर १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले थेंब दीड मिली लागतात, ५ मिलीत १२० असलेलं सिरप साधारण ६ मिली आणि ५ मिलीत २५० असलेलं सिरप फक्त ३ मिली. म्हणजे जुनी बाटली संपली, मेडिकलवाल्याने दुसऱ्या ताकदीची दिली आणि घरात माप तेच राहिलं, की थेट दुप्पट औषध पोटात जातं. आणि थेंबांच्या बाटलीतून चमचाभर पाजलं तर तिपटीहून जास्त. दोन मात्रांत ४ ते ६ तासांचं अंतर ठेवा. २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी काहीही न पाजता डॉक्टरकडे न्या.

ताप उतरला का यापेक्षा मुलाचा श्वास मोजा. मूल शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचं. २ महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

आता ‘म्हाताऱ्यांनाच नेते’. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. नेहमीच्या हंगामी फ्लूत अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या अंदाजाने ७० ते ८५ टक्के मृत्यू ६५ वर्षांवरच्यांचे असतात. पण विषाणू नवा असला की गणित उलटंही होऊ शकतं. २००९च्या स्वाइन फ्लूचा जगभराचा अंदाज २०१२ साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पहिल्या वर्षात सुमारे २ लाख ८४ हजार मृत्यू, आणि त्यातले ८० टक्के ६५ वर्षांखालचे! लहानपणी, १९५७च्या आधी, त्याच कुळातल्या विषाणूंशी गाठ पडलेल्या वृद्धांच्या शरीराला तो थोडाफार ओळखीचा होता, तरुणांना अजिबात नव्हता. १९१८च्या साथीतही २० ते ४० वयाची माणसं पटापट गेली. शिवाय तरुण म्हणजे धडधाकट असं कुणी ठरवलं? गरोदर बाई, दम्याचा किंवा मधुमेहाचा रुग्ण, वर्षानुवर्षं लूमवर सुताची धूळ छातीत घेणारा कामगार हे पस्तिशीतही जोखमीतच मोडतात.

‘ताप नाही म्हणजे फ्लू नाही’ हे वाक्य म्हाताऱ्यांसाठी सगळ्यात घातक आहे. वय वाढलं की शरीर ताप चढवण्यात कमी पडतं. घरात कुणाला फ्लू असताना आजी दोन दिवस भाकरीला शिवली नाही, असंबद्ध बोलायला लागली, बाथरूममध्ये तोल जाऊन पडली, तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी फ्लूचा विचार करायचा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला तर लगेच दवाखान्यात हलवा. छातीत दुखलं तर ‘गॅस’ म्हणून सोडू नका. कॅनडातल्या ओंटारिओच्या अभ्यासात फ्लू निदान झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट आढळलं होतं. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून ताप येण्याची वाट बघण्यात ते दोन दिवस घालवू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

पोरांना होऊन गेलेला बरा? विषाणू रूप बदलतो, मागच्या वर्षीचा फ्लू यंदा पुरत नाही. वर मोठी माणसं साधारण ५ ते ७ दिवस विषाणू पसरवतात, मुलं १० दिवस किंवा त्याहून जास्त. अशा नातवाला आजोबांच्या कुशीत झोपवू नका.

राहिलं ऊन. बाहेर ४३ अंश असले तरी फुप्फुसात ३७च असतात, आणि लागण होते ती बंद खोलीत, गर्दीत. आपल्याकडे फ्लूचे दोन भर असतात, एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात. पहिला सोलापुरातल्या जानेवारीच्या गड्ड्याच्या यात्रेपासून, दुसरा आषाढीच्या आसपास. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. ९ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पंढरपूरला जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, जूनच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून घ्या.