‘जेईई केली की सीईटी आपोआप होते’? नाही होत!

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी देशपातळीवरची जेईई मेन आणि आपल्या राज्याची सीईटी अशा दोन परीक्षा असतात. बारावीचं वर्ष सुरू झालं की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे, पण आशय तोच: ‘मुलांना जेईईचंच गणित करू द्या. जेईई केली की सीईटी आपोआप होते. स्टेट बोर्डाचं पुस्तक बोर्डापुरतं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे पेपर सोपाच. आणि जेईईत ९० पर्सेंटाइल आले की सीईटीत ९७ पक्के.’

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. या मेसेजवर विसंबलेली मुलं निकालानंतर माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून एकेक वाक्य घेऊन सांगते.

आधी ‘आपोआप’चं बघू. स्टेट बोर्डाच्या बारावी गणिताचा पहिला भाग हातात घ्या आणि अनुक्रमणिका उघडा. सात धडे आहेत. त्यातला पहिलाच मॅथेमॅटिकल लॉजिक. २०२४ मध्ये जेईई मेनचा अभ्यासक्रम कमी केला, तेव्हा हा विषय तिथून गेला. चौथा धडा पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि सातवा लिनिअर प्रोग्रॅमिंग. हे दोन्ही जेईई मेनच्या यादीत नाहीत. सहाव्या धड्यात लाइन आणि प्लेन दोन्ही आहेत, पण जेईईत आता प्लेन उरलेला नाही. तिसऱ्या धड्यातली त्रिकोणमितीय समीकरणंही २०२४ च्या त्याच कपातीत गेली. म्हणजे निम्म्याहून जास्त धडे असे, की ज्यांना फक्त जेईई करणाऱ्या मुलाचा एकतर हातच लागलेला नसतो किंवा अर्धवट लागलेला असतो. दुसऱ्या भागातलं बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशनही तसंच. सीईटीचे ८० टक्के प्रश्न बारावीवर असतात आणि ते या पुस्तकातूनच येतात.

गेल्या वर्षीचा एक मुलगा डोळ्यांपुढून जात नाही. डेफिनिट इंटिग्रल तोंडी सोडवायचा. त्याला मी विचारलं, “‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ याचं निगेशन सांग.” तो लगेच म्हणाला, “पाऊस पडला नाही तर सामना रद्द होणार नाही.” साफ चूक. निगेशन म्हणजे मूळ विधान खोटं ठरवणारं विधान. ‘पाऊस पडला आणि तरीही सामना रद्द झाला नाही’ हे उत्तर. पर्यायांमध्ये त्याचं चुकीचं उत्तर हमखास दिलेलं असतं, आणि दिसायला ते अगदी बरोबर वाटतं. हुशारीत तो कुठेच कमी नव्हता. तो धडा त्याने कधी उघडलाच नव्हता, एवढंच. हे शिकायला दोन दिवस पुरतात, पण ते दोन दिवस कुणीतरी द्यायला हवेत ना!

एक मात्र मान्य करते. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, व्हेक्टर यांत जेईईचा अभ्यास केलेल्या मुलाला सीईटी खरंच हलकी जाते. मेसेजमध्ये खरं आहे ते इतकंच.

आता ‘निगेटिव्ह नाही म्हणजे सोपं’. निगेटिव्ह नाही, पण ते कुणालाच नाही. मग त्याचा फायदा तुमच्या एकट्याच्या मुलाला कसा होणार? खरी अडचण घड्याळाची आहे. जेईई मेनमध्ये तीन तास सलग मिळतात, गणिताचे प्रश्न २५. मुलं केमिस्ट्री झटपट उरकून वाचलेला वेळ गणिताला देतात. चुकलं तर एक गुण कापला जातो, त्यामुळे शंका आली की प्रश्न सोडून द्यायची सवयही लागते. सीईटीत या दोन्ही सवयी उलट्या पडतात. फिजिक्स-केमिस्ट्रीची ९० मिनिटं वेगळी, गणिताची ९० वेगळी. तिकडचा वेळ इकडे आणता येत नाही. ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. प्रत्येकाला दोन गुण, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. पर्सेंटाइल सारखे आले तर मेरिटमध्ये आधी गणिताचे पर्सेंटाइल बघतात. इथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचं घालवणं आहे.

नव्वदचे सत्त्याण्णव करणारं गणित मला तरी कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या शिफ्टला बसलेल्यांपैकी किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्या मागे आहेत, ते त्यातून कळतं. दोन्ही परीक्षांची गर्दी वेगळी, पेपर वेगळा. एकीचा आकडा दुसरीत बदलून मिळत नाही.

राहिलं ‘बोर्डाचं पुस्तक बोर्डापुरतं’. अहो, सीईटीचं पुस्तकच ते आहे! शिवाय जेईईतून एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, जायचं तर खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के हवेत किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. म्हणजे ज्या जेईईसाठी पुस्तक बाजूला ठेवायचं, तिचंही घोडं तिथेच अडतं.

मग कोणती द्यायची? जागा कुठली हवी ते आधी ठरवा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय किंवा राज्यातल्या इतर कॉलेजांच्या बहुतेक जागा सीईटीवर भरतात. व्हीएनआयटीत, म्हणजे नागपूरच्या एनआयटीत, निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आहेत, पण तिथे जेईई मेनच लागते. खासगी कॉलेजांतल्या ऑल इंडिया, म्हणजे देशभरातल्या मुलांसाठीच्या, जागांनाही आधी तीच बघतात. ज्यांना दोन्ही दारं उघडी ठेवायची आहेत त्यांनी दोन्ही जरूर द्याव्यात. फक्त सीईटी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. दिवाळीच्या सुट्टीत लॉजिक, पेअर ऑफ लाइन्स आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग संपवा. जानेवारीची जेईई झाली की दर रविवारी सकाळी घड्याळ लावून बसा: फक्त गणित, ५० प्रश्न, ९० मिनिटं, आणि एकही प्रश्न कोरा नाही.