पॅड बदलले की डिस्कला कट मारायचाच, हे कुणी ठरवलं?

पाऊस ओसरला की गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा दोघा गिऱ्हाइकांनी तो दाखवून “यात लिहिलंय तसंच करून द्या” असं सांगितलं, म्हणून हे लिहितो आहे. मेसेज थोडक्यात असा: ब्रेक पॅड बदलताना दर वेळी डिस्कला (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिच्यावर पॅड दाबले की गाडी थांबते) लेथवर कट मारून, म्हणजे वरचा थर कापून घ्या. ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरत असेल तर डिस्क वाकली आहे, कट मारला की सरळ होईल. कट मारलेल्या डिस्कवर निम्मे उरलेले जुने पॅड चालतात, कंपन्या उगाच नवे खपवतात. आणि डिस्क कधी संपत नाही, घासून घासून गाडीच्या जन्माला पुरते.

चारही गोष्टी ऐकायला पटतात आणि चारही चुकीच्या आहेत. शेवटची तर जिवावर बेतणारी आहे. माझं गॅरेज चिपळुणात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. ब्रेक हा माझ्यासाठी चर्चेचा विषय नाही, रोजचं काम आहे.

दर वेळी कट मारण्यापासून सुरुवात करू. डिस्क दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आहे, जाडी पुरेशी आहे, ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडत नाही, अशा डिस्कवर नवे पॅड सरळ बसवावेत. नखाला जाणवतील एवढे बारीक चरे वापरलेल्या डिस्कवर असतातच. नवा पॅड थोड्याच दिवसांत त्या चऱ्यांशी जुळवून घेतो. जनरल मोटर्स या अमेरिकन कार कंपनीने आपल्या मेकॅनिकांसाठी काढलेल्या सूचनापत्रात हेच लिहिलं आहे: नेहमीचे पॅड बदलले म्हणून डिस्क कापू नका, आवाज येतो म्हणून कापू नका, वरवरचा गंज दिसला म्हणूनही कापू नका. चरे १.५ मिमीहून खोल असतील, डिस्कची जाडी जागोजागी ०.०२५ मिमीहून जास्त बदलत असेल, डिस्क फिरताना मर्यादेबाहेर आतबाहेर डुलत असेल किंवा गंजाने पृष्ठभाग खाल्ला असेल, तरच कापा. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो. त्यासाठी लेथवाल्याकडे जाणं म्हणजे चांगलं लोखंड भुशात घालवणं.

शिवाय लेथचा टूल झिजलेला असेल किंवा घाईत चालवला असेल तर डिस्कवर स्क्रूच्या आट्यांसारखी बारीक चक्राकार रेघ उमटते. पॅड त्या रेघेवरून सरकत बाहेर जातो आणि टक्‌कन परत येतो. “कट मारल्यापासून टकटक येते” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं हेच असतं.

आता थरथरीकडे येतो. इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

डिस्क बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. रोजच्या वापरात ती पापडासारखी वाकडी होत नाही. कॅरोल स्मिथ या अमेरिकन रेसिंग इंजिनिअरांनी लिहून ठेवलं आहे की, ‘वाकलेली’ म्हणून त्यांनी तपासलेल्या डिस्कांमध्ये खरं कारण निघालं ते डिस्कवर कमीजास्त चिकटलेलं पॅडचं मटेरियल. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर टोलनाक्याच्या रांगेत पाय दाबून उभं राहिलं, की पॅडचा ठसा डिस्कवर बसतो. तेवढाच भाग जाड होतो. चाक फिरताना तो पॅडखालून गेला की कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइल मागे येतं आणि पायाला ठोका जाणवतो. त्यासाठी ०.०२ मिमीचा फरक पुरतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा झाला. डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही. म्हणून “बघा साहेब, वाकलीय” असं नुसतं पाहून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरं कारण डिस्कच्या मागे लपलेलं असतं. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हबवर, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या चाकाच्या मधल्या भागावर, गंजाचे पोपडे धरतात. जुनी डिस्क काढून नवी तशीच वर बसवली, तर मधे अडकलेला एवढासा कण डिस्क तिरकी करतो. हबच्या कडेला ०.०५ मिमीचा पोपडा असेल तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो फरक जवळपास दुप्पट होतो. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने एकीकडून पिळत नेले, तरी हाच परिणाम. आणि त्या दिवशी गाडी थरथरत नाही! डिस्क नुसती डुलत राहते, ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला चाटत जाते. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा झिजून पातळ होते आणि मग स्टीअरिंग हलायला लागतं. तोवर नट कुणी कसे आवळले होते हे सगळे विसरलेले असतात आणि दोष डिस्कवर जातो.

अशी डिस्क लेथवर नेली की जाडी सारखी होते आणि थरथर थांबते, हे खरं आहे. म्हणूनच हा समज टिकून आहे. पण हब तसाच गंजलेला असतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या डिस्कला दुसरीकडे दोनदा कट मारून झाला होता आणि दर वेळी चार-पाच महिन्यांत थरथर परत येत होती. मी डायल गेज (डुलणं मोजणारा काट्याचा मापक) लावला तेव्हा डिस्क ०.११ मिमी डुलत होती. हब वायर ब्रशने चकचकीत केला, डिस्क बोल्टच्या एका भोकाएवढी फिरवून बसवली, तर काटा ०.०३ वर आला. दोन कटांत त्या डिस्कचं निम्मं आयुष्य गेलं होतं, तेही वायर ब्रशच्या एवढ्याशा कामासाठी.

तिसरी शक्यता अतितापाची. फार तापलेल्या बीडात जागोजाग कडक ठिपके तयार होतात. ते वरवर नसतात, आत मुरलेले असतात. कट मारल्यावर आजूबाजूचा मऊ भाग लवकर झिजतो, ठिपका तसाच उभा राहतो आणि थरथर परत येते. अशी डिस्क बदलायचीच.

मग कट कधीच नको का? हवा, पण मोजमाप सांगेल तेव्हा. डिस्क गाडीवरच ठेवून कापणारं यंत्र मिळालं तर फारच उत्तम, कारण मग ती त्याच हबला जुळवून कापली जाते.

जुने पॅड ठेवण्याचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात काटकसर दिसते. जुना पॅड जुन्या डिस्कच्या चऱ्यांच्या मापाने झिजलेला असतो, एकाच्या खाचेत दुसऱ्याचा उंचवटा. डिस्क सपाट केली आणि पॅड तसाच ठेवला, तर तो फक्त उंचवट्यांवर टेकतो. सगळा दाब तेवढ्यावर येतो, तो भाग जळतो, काचेसारखा चकाकतो आणि ब्रेक उशिरा लागतो. ताज्या कापलेल्या डिस्कवर ठिपक्याठिपक्यांनी मटेरियल चढतं ते वेगळंच. म्हणजे ज्या थरथरीसाठी कट मारला तिची पेरणी पुन्हा सुरू. डिस्क कापली तर पॅड नवे, आणि पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम. पॅड जेमतेम काहीशे किलोमीटर चाललेले, सपाट आणि न चकाकलेले असतील, तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून वापरता येतात. मला एवढीच सूट मान्य आहे.

याच्या उलट मात्र खरं नाही: नवे पॅड आले म्हणून डिस्क कापायलाच हवी असं नाही. पॅड वेगळ्या मटेरियलचे असतील तर जुना थर पॉलिश पेपरने उतरवावा, डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, पुरे. पॅडचं मटेरियल ३ मिमीवर आलं की बदला आणि मोजताना आतला पॅड बघा. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. कॅलिपरची पिन ग्रीस सुकून अडकली असेल तर आतला पॅड लोखंडाला लागला तरी बाहेरचा निम्मा दिसतो.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १०-१५ पर्यंत आठ-दहा वेळा दमाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवत राहून निवू द्या. थर सारखा बसतो.

आता डिस्क जन्माला पुरण्याबद्दल. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. २२ मिमीची डिस्क बहुधा २० पर्यंतच वापरायची. लोक म्हणतात, २२ मधले २ गेले तर काय झालं? पण पुढची डिस्क भरीव नसते. दोन तबकड्या आणि मधे हवेसाठी पोकळी. तबकडी साधारण ७ मिमीची धरली तर एकेक मिमी गेल्यावर तिचा सातवा हिस्सा जातो. उष्णता साठवायची ती त्या तबकडीतच.

आणि उष्णता किती? लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर, खोपोली ६० च्या आसपास. बोरघाटात गाडी जवळपास ५५० मीटर खाली येते. हिशेब मांडला तर तेवढी ऊर्जा म्हणजे ताशी ८० च्या वेगावरून बावीस वेळा पूर्ण थांबणं. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये आलात तर जवळजवळ सगळा डिस्कवर. पातळ डिस्क लवकर तापते, उष्णता ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच. वाफ झाली की पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही.

मेसेज घेऊन आलेल्या त्या दोघांपैकी एकाची डिस्क आठ ठिकाणी मोजली. नवी २२ ची, किमान २०, भरली २०.७. थरथर नव्हती, चरे बारीक होते. दोन्ही बाजूंनी ०.३ चा कट मारला असता तर २०.१ उरली असती आणि वर नवे पॅड बसवून तो कुंभार्ली चढ-उतार करत राहिला असता. कट मारला नाही. हब साफ केला, पिनांना ग्रीस लावलं, नवे पॅड घातले, नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळले आणि बिलावर किलोमीटरसह लिहून दिलं: डिस्क २०.७, पुढच्या पॅडसोबत नवी जोडी.